हरणाला लागलेली गोळी गिधाडाला कशी मारते? शिशाऐवजी तांब्याच्या गोळ्या वापरण्यामागचं कारण

आगरदांड्याच्या जेट्टीवर वाळत घातलेलं जाळं कधी उचलून बघितलंय? खालच्या दोरीला ओळीनं शिशाच्या गोळ्या लावलेल्या असतात. जड, स्वस्त, मऊ आणि चुलीवरसुद्धा वितळणारा धातू म्हणजे शिसं. जाळं तळाला नेण्यासाठी ते जितकं सोयीचं, तितकंच बंदुकीच्या गोळीसाठीही. म्हणूनच शेकडो वर्षं जगभर गोळी म्हटलं की शिसं हेच समीकरण होतं.

गेल्या काही दशकांत मात्र हरणांची शिकार कायदेशीर असलेल्या अनेक देशांत शिशाच्या गोळ्या मागे पडत आहेत. त्यांच्या जागी अखंड तांब्याच्या गोळ्या आल्या आहेत. शिकाऱ्यांना प्राण्यांची अचानक दया आली, असं काही झालेलं नाही. कारण वेगळंच आहे, आणि ते रायगडच्या लोकांना पटकन समजेल असं आहे.

आगरदांड्याहून मुरूडमार्गे थोडं पुढे गेलं की फणसाड अभयारण्य लागतं. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं राखीव शिकारीचं जंगल होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. इथे सांबर, भेकर, पिसोरी आहेत आणि त्यांची शिकार हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पण फणसाडची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे गिधाडं. त्यांच्यासाठी इथे 'गिधाड उपाहारगृह' सुरू करण्यात आलं. खाडीपलीकडच्या म्हसळा तालुक्यातलं चिरगावही गिधाडांच्या संवर्धनासाठी ओळखलं जातं.

भारतातली गिधाडं कशामुळे संपली हे आता सगळ्यांना माहीत आहे. डायक्लोफिनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. अमेरिकेत आणि जपानमध्ये गोष्ट हीच घडली, फक्त मांसातलं विष औषधाचं नव्हतं, गोळीचं होतं.

गोळी आत गेल्यावर काय होतं?

नेहमीच्या शिकारी गोळीत आत शिसं आणि बाहेर तांब्याचं पातळ कवच असतं. हाडामांसावर आदळताच ती फुटते, पसरते आणि तिचे बारीक कण जखमेच्या आजूबाजूला लांबपर्यंत उडतात. यातले पुष्कळसे कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मारलेल्या हरणांचे एक्स-रे काढले गेले. शिकारी जागेवरच पोट फाडून आतडी टाकून देतात. अशा २० ढिगांपैकी १८ ढिगांमध्ये धातूचे कण सापडले, आणि ५ ढिगांत तर २०० हून जास्त. तांब्याच्या गोळीनं मारलेल्या ४ अख्ख्या हरणांत मिळून कण निघाले फक्त ६.

ही आतडी खायला येतात ते कॅलिफोर्निया कॉन्डॉर. कॉन्डॉर हा तिथला गिधाडासारखाच मृतभक्षक पक्षी. १९८२ च्या सुमारास जगात केवळ २२ कॉन्डॉर उरले होते. पिंजऱ्यात पैदास करून त्यांना पुन्हा जंगलात सोडलं, तर तिथे शिशाच्या विषबाधेनं मरू लागले. मृतभक्षक पक्ष्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की शिसं त्यात विरघळून थेट रक्तात जातं. अखेर कॅलिफोर्नियानं २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाचा दारूगोळा पूर्णपणे बंद झाला. जपानच्या होक्काइडो बेटावर हरणांच्या सांगाड्यांवर जगणारे समुद्री गरुड मरू लागल्यानं २००० मध्येच हरणांसाठी शिशाच्या रायफल गोळ्यांवर बंदी आली. डेन्मार्कनं १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्याही थांबवल्या.

मग तांब्याची गोळी कशी निवडतात?

इथे थोडं भौतिकशास्त्र येतं. शिशाची घनता ११.३, तांब्याची साधारण ९. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. रायफलच्या नळीत पीळदार खाचा असतात, त्या गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात. भोवरा जितका उंच, तितका तो स्थिर राहायला वेग जास्त लागतो. गोळीचंही तसंच. जुन्या, कमी पिळाच्या नळीतून लांब तांब्याची गोळी डगमगू शकते.

म्हणून अनुभवी शिकारी वजन एक पायरी कमी करतात. शिशाची १६५ ग्रेनची गोळी वापरत असतील तर तांब्याची १५० ग्रेनची घेतात. (ग्रेन हे गोळी आणि दारू मोजायचं माप. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) हलकी गोळी वेगानं जाते आणि तांब्याला वेगाची गरज असतेच. या गोळीच्या टोकाला पोकळी असते. प्राण्याला लागल्यावर ते टोक फुलाच्या पाकळ्यांसारखं उलगडतं, पण तुटत नाही. वेग फार उतरला तर पाकळ्या उलगडतच नाहीत, गोळी आरपार जाते आणि जखमी जनावर दूर पळून मरतं. बऱ्याच गोळ्यांसाठी ही मर्यादा सेकंदाला साधारण ५५० ते ६०० मीटर असते. त्यामुळे किती अंतरावरून मारायचं, हाही निवडीचाच भाग होतो.

अमेरिका-युरोपात अनेक शिकारी काडतुसं घरी भरतात. वापरलेली पितळी पुंगळी, नवा प्रायमर, मोजून घातलेली दारू आणि वर गोळी, असा तो प्रकार. तांब्याकडे वळताना सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे शिशाच्या गोळीसाठीचं दारूचं माप तसंच वापरणं. लांब गोळी पुंगळीत जास्त आत जाते, दारूसाठी जागा कमी उरते. शिवाय तांबं शिशापेक्षा कडक, त्यामुळे नळीत दाब वाढतो. म्हणून त्याच गोळीच्या उत्पादकानं छापलेलं माप घ्यायचं आणि सुरुवात सर्वात कमी आकड्यापासून करायची, असा दंडक आहे. या गोळ्यांच्या अंगावर गोल खाचा दिसतात, त्या घर्षण आणि दाब कमी करण्यासाठीच. गोळी बदलण्याआधी नळी नीट साफ केली नाही तर नेमही बिघडतो.

भारतात हे घरी करून बघायचा विचारही नको. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे.

तांबं महाग पडतं, ही शिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. 'त्यानं जनावर लवकर पडत नाही' ही दुसरी तक्रार मात्र तितकीशी टिकत नाही. डेन्मार्कमधल्या अभ्यासात दोन्ही गोळ्यांच्या परिणामात व्यवहारात जाणवेल असा फरक आढळला नाही.

आपल्याकडे शिकारच बंद, मग आपला संबंध काय?

संबंध येतो रानडुकरांमुळे. शेताची नासधूस होते म्हणून महाराष्ट्रात पीक संरक्षणासाठी बंदुकीचे परवाने दिले जातात, आणि राज्य सरकारनं २०१५ मध्ये ठरावीक अटींवर, वनखात्याच्या परवानगीनं रानडुक्कर आणि नीलगाय मारण्याची मुभा दिली. यात कॉन्डॉरच्या गोष्टीतली रायफल नसते. कोकणात दिसते ती ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक. पण छर्रा शिशाचाच. छर्रे लागून पळालेलं डुक्कर जंगलात मेलं तर त्याला खाणाऱ्या पक्ष्याला बंदूक कायदेशीर होती की नाही यानं फरक पडत नाही. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. मोजकेच पक्षी उरलेल्या भागात एक मोठा पक्षी गेला तरी ते नुकसान भरून यायला वर्षं लागतात.

माणसांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ७३८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात न खाणाऱ्यांपेक्षा जास्त शिसं आढळलं. त्याआधी २००८ मध्ये तिथे गरिबांना वाटण्यासाठी दान आलेलं हरणाचं मांस शिशाच्या कणांमुळे टाकून द्यावं लागलं होतं.

तुमचे कुणी नातेवाईक अमेरिकेत असतील आणि शेजाऱ्यानं त्यांना थंडीत हरणाचं मांस आणून दिलं, तर आधी गोळी कशाची होती ते विचारायला सांगा. शिशाची असेल तर जखमेभोवतीचा मोठा भाग कापून टाकणं बरं, कारण कण जखमेपासून बरेच लांब गेलेले असतात आणि धुतल्यानं निघत नाहीत. खिमा असेल तर कोणता तुकडा कुठला हे कळायलाच मार्ग नसतो, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बाईला तो देऊ नये.