सॉफ्टबॉलचे दौरे आणि महाविद्यालयीन प्रवेश
खांदेश्वर, वार्ताहर : सॉफ्टबॉलच्या स्पर्धांसाठी मुलांना गावोगावी पाठविणाऱ्या येथील पालकांची भिस्त पुढील प्रवेशावर असते. अमेरिकेत विद्यापीठांचे प्रशिक्षक सामने पाहून खेळाडू निवडतात व शिष्यवृत्ती देतात. त्यामुळे तेथे दौऱ्यांच्या खर्चाला अर्थ आहे. आपल्याकडे मोल प्रमाणपत्राला, तेही शासनमान्य स्पर्धेच्या. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत जातात. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण स्पर्धेच्या स्तरानुसार, कमाल २५. खासगी चषक कितीही झगमगीत असो, येथे निरुपयोगी. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठीही प्रमाणपत्राची पडताळणी होते. दौऱ्याचे पैसे भरण्यापूर्वी स्पर्धेच्या मान्यतेची चौकशी अलिबाग येथील जिल्हा क्रीडा कार्यालयात करता येते.