भूमिकांच्या खेळातील पंचपद आणि उच्च पायऱ्यांवरील अव्यवस्था

मेजाभोवती बसलेल्या चार-सहा खेळाडूंनी एकेका कल्पित पात्राची भूमिका पत्करावी, आणि एका निराळ्या व्यक्तीने त्या पात्रांभोवतीचे सारे जग शब्दांनी उभे करून प्रत्येक कृतीचा निवाडा द्यावा, अशा स्वरूपाचा खेळ १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने छापून प्रसिद्ध झाला. निवाडा देणाऱ्या या व्यक्तीस पुढे ‘डंजन मास्टर’ अथवा ‘गेम मास्टर’ म्हणू लागले. मराठीत ‘सूत्रधार’ हा शब्द सहज सुचतो. परंतु तो टाळलेला बरा. आपल्या नाट्यपरंपरेतील सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो. येथे तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक असल्यासारखे वागावयास लागताच खेळातील जीव निघून जातो. १९७४ च्या मूळ नियमांत ‘रेफरी’ हाच शब्द आढळतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘पंच’ हा शब्द योजिला आहे.

पात्रे अनुभवाने पायरी पायरीने वर चढतात, आणि फार वर चढली की मेजावर गोंधळ माजतो, ही या खेळाविषयीची जुनी तक्रार होय. हा गोंधळ म्हणजे खेळाची विकृती, असे बहुधा समजले जाते. आमच्या मते इतिहास याच्या उलट साक्ष देतो. पंचपदाला आज जे स्वरूप आहे, ते नियमांनी न आवरलेल्या गोंधळातूनच घडलेले आहे.

या पदाचे मूळ प्रशियन सैन्यात सापडते. धाकट्या रायस्विट्झने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धक्रीडेत दोन्ही पक्ष आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत. नकाशावर खरोखर काय घडले हे फक्त पंचाला ठाऊक असे, आणि प्रत्येक पक्षाला त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातले तेवढेच तो सांगे. जय-पराजय मात्र फासे व कोष्टके यांवरून ठरे. कोष्टके वाढत गेली, तसा खेळ संथ व कंटाळवाणा झाला. तेव्हा १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने फासे व कोष्टके बाजूस सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावरच सारा भार टाकला. नियम विरुद्ध विवेक हा वाद तेव्हापासूनचा आहे. अमेरिकन लेखक चार्ल्स टॉटन याच्या १८८० च्या ‘स्ट्रॅटेगोस’ या ग्रंथातही पंचाला विस्तृत अधिकार दिलेले आहेत.

टॉटनचा हा विस्मृत ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेसली या युद्धक्रीडेच्या शौकिनाच्या हाती पडला, आणि १९६९ साली त्याने ‘ब्राउनस्टाइन’ नामक प्रयोग मांडला. नेपोलियनच्या काळातील एक कल्पित जर्मन गाव. त्यावर चाल करून येणारे सैन्य. आणि केवळ सेनापतीच नव्हे, तर नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका घेतलेले खेळाडू. प्रत्येकाचा हेतू निराळा. योजना अशी होती की एकेकाने येऊन वेसलीला आपला बेत सांगावा. घडले ते वेगळेच. खेळाडू आपसांतच कुजबुजू लागले, परस्पर करार करू लागले, आणि दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले. द्वंद्वयुद्धासाठी नियम नव्हते; वेसलीला ते तेथल्या तेथे रचावे लागले. सैन्यांची लढाई झालीच नाही. प्रयोग फसला असे समजून तो खिन्न झाला. खेळाडूंनी मात्र असाच खेळ पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्यांपैकी डेव्ह आर्नेसनने १९७१ च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशात आणि त्याखालच्या भुयारांत हीच पद्धत नेली. आर्नेसन व गॅरी गायगॅक्स हेच १९७४ च्या पुस्तिकांचे कर्ते होत.

त्या पुस्तिकांत पंचाला दिलेले मोठे साधन म्हणजे भुयार. भिंती, दारे, अंधार यांमुळे खेळाडूंपुढचे मार्ग मोजकेच राहतात, व पंचाला पुढचे चार क्षण तरी दिसतात. परंतु त्याच पुस्तिकांतील मंत्रांची यादी हे साधन पोखरून टाकते. क्षणात दूरस्थ स्थळी नेणारा मंत्र भिंतींना निरर्थक करतो. मृताला उठविणारा मंत्र मरणाचे भय घालवितो. देवतेला प्रश्न विचारण्याचा मंत्र रहस्य उरू देत नाही. हे तिन्ही मंत्र पाचव्या श्रेणीतले, म्हणजे वरच्या पायरीवरील पात्रांचे. कर्त्यांना याची काहीशी जाणीव असावी. नवव्या पायरीला पोहोचलेल्या योद्ध्याने गढी बांधून प्रजेकडून कर वसूल करावा, अशी सोय त्यांनी ठेविली होती. म्हणजे वीराला पुन्हा सेनापती करून जुन्या युद्धक्रीडेत परत पाठवावयाचे. वीर मात्र गढीत बसावयास राजी नव्हते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने मंत्रांच्या श्रेणी सहावरून नवापर्यंत नेल्या, आणि अखेरच्या श्रेणीत ‘इच्छा’ हा मंत्र आला: मागावे ते घडावे!

यावर जे उपाय झाले, त्यांतील भेद लक्षणीय आहे. १९७५ साली गायगॅक्सने प्रबळ पात्रांसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे थडगे रचले. देह सूक्ष्म करून भिंतींतून जाऊ पाहणाऱ्यांवर तेथे राक्षस येतात, आणि शेवटच्या शत्रूवर बहुतेक मंत्र चालत नाहीत. रचना चतुर खरी, पण खेळाडूंनी कष्टाने मिळविलेले सामर्थ्य दारातच काढून घेणे हा पंचाच्या दुर्बलतेचा कबुलीजबाब आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरा उपाय उपहासाचा. १९७६ च्या ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुरवणीत देवांचे बळ आकड्यांत मांडले गेले. ओडिनसारख्या देवपित्याचे बळ ३०० असेल, तर चाळिसाव्या पायरीवरील वीरांना कोण गंभीरपणे घेईल, अशा आशयाचा टोमणा संपादक टिम कास्क याने प्रस्तावनेत मारला. परिणाम उलटाच झाल्याचे पुष्कळदा सांगितले जाते: ज्याचे बळ आकड्यांत मोजता येते, त्याला मारताही येते, हे खेळाडूंच्या ध्यानात आले.

तिसरा उपाय आम्हांस खरा वाटतो. १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथात ‘इच्छा’ मंत्राचे विवरण करताना एक उदाहरण दिले आहे. कोणी दुसऱ्याच्या मृत्यूची इच्छा केली, तर पंचाने इच्छा करणाऱ्यालाच अशा भविष्यकाळात नेऊन सोडावे, की जेथे तो दुसरा आधीच मेलेला आहे. येथे ‘नाही’ हा शब्द उच्चारलेला नाही. इच्छा अक्षरशः पुरी झाली; मात्र तिचे मोल मागणाऱ्याने भरले. व्हेर्दीने पंचाकडून ज्या विवेकाची अपेक्षा केली होती, तो हाच. अर्थात हे शस्त्र दुधारी आहे. प्रत्येक इच्छा उलटविणारा पंच लवकरच खेळाडूंचा वैरी ठरतो, आणि मग ते वकिली मसुद्याप्रमाणे इच्छा लिहून आणू लागतात.

याच्या पुढल्याच वर्षी, १९७९ च्या पंचांसाठीच्या ग्रंथात, गायगॅक्सने कालगणनेची काटेकोर नोंद ठेवण्याचा आग्रह ठळक मोठ्या अक्षरांत धरला. वाचकास ही हिशेबनिसाची हौस वाटेल. परंतु एक वीर पाताळात, दुसरा राजदरबारी, तिसरा मेलेला व चौथा त्याला उठविण्यासाठी दूरच्या मंदिरात, अशी स्थिती ज्या मेजावर येते, तेथे भिंती काही आवरीत नाहीत; आवरतो तो काळ. मंदिरात तीन दिवस गेले, तर दरबारातही तीन दिवस गेले पाहिजेत, आणि त्या तीन दिवसांत शत्रूही स्वस्थ बसलेला नसतो. रायस्विट्झचा पंच लिखित हुकूम एकामागून एक हाती घेऊन नकाशावर ठोकळे सरकवी, त्याच क्रमाने येथेही एकेकाला विचारावे लागते: या घटकेस तू कोठे आहेस, आणि काय करतोस?