समई, कंदील आणि विजेचा गोळा

जुन्नर तालुक्यांतील बेल्हे हें गांव सोमवारच्या बैलबाजाराकरितां प्रसिद्ध आहे. आम्ही मात्र तेथें गेलों तें बैल पाहण्यास नव्हे, तर एका स्नेह्यांचा नुकताच दुरुस्त केलेला वाडा पाहण्यास. ओटीवर लामणदिव्याच्या घडणीचा एक दिवा टांगला होता व त्याच्या तबकांत विजेचा छोटा गोळा होता. मागच्या भिंतींतील दिवळी तशीच राहिली होती. तिचा वरचा दगड काजळीनें काळा. असले दिवे हल्लीं वाचकांच्या घरींहि आले असतील, म्हणून त्यांच्या पूर्वजांची थोडी हकीकत येथें देतों.

जुन्या दिव्याचें रूप तेलानें ठरविलेलें आहे. एरंडेलासारखें दाट तेल वातींतून फार वर चढत नाहीं. म्हणून तबक उथळ आणि ज्योत तेलाला लागून. ज्योत मंद, तिचा उजेड दूर पडावा म्हणून समईला उंच दांडा. दांडा उंच, म्हणून खालीं जड व रुंद बैठक. लामणदिवा सांखळीनें टांगावयाचा, किंवा लग्नांत वरमाय व वधूमाय यांनीं हातीं धरावयाचा. मोर किंवा हत्ती बसविणें ही कारागिराची हौस; बाकी सर्व गरज.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रॉकेल आलें. हें पातळ तेल वातींतून सहज वर चढतें. तेव्हां टांकी खालीं गेली, ज्योत वर आली आणि तिच्याभोंवतीं कांच बसली. कऱ्हाडाजवळ ओगले बंधूंनीं १९१६ सालीं कांचेचा कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील वडील मंडळींस अजून आठवत असेल. समया देव्हाऱ्यापुरत्या उरल्या. बाकीचे दिवे माळ्यावर गेले आणि तेथून मोडीच्या भावानें बाजारांत.

‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे पुण्याचे दिनकर केळकर यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. बालपणींच वारलेल्या राजा या मुलाच्या नांवें उभारलेला तो संग्रह त्यांनीं १९७५ सालीं राज्य सरकारास दिला. लोकांनीं टाकून दिलेले किती तरी दिवे त्यांत आहेत. असें वेड कोणास लागलें नसतें, तर आजच्या कारागिरानें नक्कल तरी कशाची केली असती?

जुनी घडण विजेला वापरूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पण घडण उचलणारास तिचा कोणता भाग कशासाठीं होता हें ठाऊक असावें. बेल्ह्याहून परततांना आम्ही एका दुकानांत एक देखणी समई पाहिली. तबकाला पांच चोंची होत्या. एकींतहि वात बसण्याजोगी खांच नव्हती, आणि मधोमध तारेसाठीं भोंक होतें. वात लावतां येईल काय, असें विचारतां दुकानदार म्हणाला, “भोंक बुजवून घ्यावें लागेल.” आम्ही ती घेतली. सध्यां ती तांबटाकडे आहे.