सांधा बंद ठेवणारी माणसं

वर्ध्याला लागून असलेली नालवाडी म्हटलं की विनोबा आठवतात. 1932 च्या अखेरीस ते इथं राहायला आले आणि 1938 मध्ये पवनारला गेले. त्याच नालवाडीत एक चर्मालय होतं, त्याची आठवण मात्र फार थोडे काढतात. मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं ते काम गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलं. गांधीजींचं त्याकडे बारीक लक्ष असे. ज्या कामाच्या वासानं गाव नाक मुरडायचं आणि ज्यांच्या हातचं ते काम, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं, ते काम इथं शास्त्र म्हणून शिकलं जात होतं.

आता तुम्ही म्हणाल, आज बोलायचं आहे ते मोटारीच्या सायलेन्सरमधून होणाऱ्या गळतीवर, मग हे चामडं मध्येच कुठून आलं? तर गळती थांबवण्याचा आपल्याकडचा जुना इतिहास चामड्यापासूनच सुरू होतो. विहिरीवरची मोट चामड्याची, तिची सोंडही चामड्याची. टाका सैल पडला की निम्मं पाणी परत विहिरीत. पुढं यंत्रं आली, तरी चामडं सुटलं नाही. इंग्लंडात जोसेफ ब्रामानं 1795 मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, पण दट्ट्याच्या कडेनं पाणी निसटायचं. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेनं वाटीच्या आकाराचं चामडं बसवलं. दाब वाढेल तशी वाटीची कड भिंतीला अधिकच चिकटते. गळतीच्याच जोरावर गळती बंद!

ही वाटी आपल्या गावातही पोचली. 1972 च्या दुष्काळानंतर जागोजाग बोअर झाले. सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढं 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला. त्याच्या पोटात सुरुवातीला चामड्याचेच वायसर असायचे. ते झिजले की बायका दांडा हलवून हलवून थकायच्या आणि पाणी यायचं नाही. नंतर त्यांच्या जागी रबर आलं.

पाण्यापुरतं चामडं ठीक. आगीपुढं त्याचं काही चालत नाही. झाडाच्या सालीनं कमावलेलं ओलं चामडं ऐंशी अंशांच्या आसपासच आकसतं. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात ताग आणि चरबी ठासून भागत होतं, कारण ती वाफ आजच्या मानानं सौम्य होती. 1946 मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि मोटेच्या जागी विहिरीवर डिझेल इंजिन धडधडू लागलं. त्या इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी, भार असताना, पाचशे अंशांच्या घरातली उष्णता असते. पेट्रोल इंजिनात तर त्याहूनही जास्त.

इथला सांधा सगळ्यात अवघड. धूर गोळा करणारा बिडाचा मॅनिफोल्ड तापला की लांब होतो. फूटभर बीड पाचशे अंश तापलं तर जवळजवळ दीड मिलिमीटर वाढतं. बोल्टांनी करकचून बांधलं तरी ते सरकणारच. म्हणून टोकाकडची भोकं जरा मोठी ठेवतात, बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत जातात, आणि इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा तपासतात. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री हे पुस्तकाशिवाय करायचे. त्यांच्याकडूनच मी ऐकलं की इथं पितळी नट चांगले, कारण लोखंडी नट गंजून स्टडला असा धरतो की काढताना स्टडच मोडतो. चकचकीत जस्ताच्या मुलाम्याला भुलू नये, ते जस्त 420 अंशांच्या आतच वितळतं. साध्या स्प्रिंग वायसरचा ताठाही त्या आचेत जातो. तांब्याचं गॅस्केट असेल तर लाल तापवून पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते मऊ होतं आणि खाचाखोचांत बसतं. लोखंडाचा स्वभाव नेमका उलटा. मला ही उलटापालट फार आवडते.

गळती झाली की कळते कशी? थंड इंजिन सुरू करताच टिक-टिक आवाज येतो आणि सांध्याभोवती काजळी धरते. पण काजळी दिसते, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. बंद गॅरेजमध्ये तो जीव घेऊ शकतो. एका गॅस्केटची निवड म्हणूनच किरकोळ बाब नाही.

आगीपुढं टिकणारी वस्तू म्हणून जगानं अ‍ॅस्बेस्टॉस उचलला. खाणीतून निघणारं हे तंतुमय खनिज जळत नाही, विणता येतं, दाबून पत्रा करता येतो. गॅस्केट, ब्रेकचे लायनर, सगळीकडे तोच. त्याची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. धागे श्वासातून आत जातात आणि दहा-वीस, कधी चाळीस वर्षांनी आजार बाहेर येतो. तोवर माणूस निवृत्त झालेला, कारखान्याच्या वहीतून नाव पुसलेलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 27 जानेवारी 1995 च्या निकालात नेमकं यावर बोट ठेवलं. कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं, किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवा, असा आदेश दिला. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मानलं. ऑस्ट्रेलियानं 2003 च्या अखेरीस आणि युरोपीय संघानं 2005 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली.

कातडी कमावणारा वेशीबाहेर राहिला, अ‍ॅस्बेस्टॉस विणणारा धापा टाकत घरी बसला. यंत्राच्या इतिहासात ब्रामाचं नाव येतं, वॉटचं येतं. सांधा ज्यांनी बंद ठेवला त्यांची नावं मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाहीत.

आता ग्रॅफाइटचे आणि पोलादी पत्र्यांच्या थरांचे गॅस्केट मिळतात. ते उष्णताही सोसतात आणि मॅनिफोल्डचं सरकणंही. बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत ना, एवढं सरळ पट्टी धरून पाहावं. वाकड्या मॅनिफोल्डला कुठलंच गॅस्केट पुरत नाही. आणि जुन्या इंजिनाचं गॅस्केट काढायची वेळ आली तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं, हे मिस्त्रीच्या कानावर घाला. बहुतेक मिस्त्री कोरडंच खरवडतात आणि वर तोंडानं फू करून भुकटी उडवतात. त्यांना सांगा, आधी पाणी मारा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.