पुढे जाणारी दोन इंजिने

दिल्लीत यमुनेच्या पूर्व तीरावर मयूर विहार ही वसाहत आहे. तिच्या कडेने लखनौकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २४ जातो. डिझेल आणि पेट्रोल यांच्या चढाओढीचा एक महत्त्वाचा अंक या रस्त्याच्या साक्षीने घडला, असे म्हणावयास हरकत नाही.

या चढाओढीचा उगम जर्मनीत आहे. निकोलाउस ओटो याने १८७६ साली आपले इंजिन सिद्ध केले. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले. पहिल्यात इंधन ठिणगीने पेटते. दुसऱ्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. त्यामुळे डिझेल काटकसरी खरे. परंतु तो दाब सोसण्यासाठी इंजिन जड करावे लागते, आणि ते फार वेगाने फिरत नाही. म्हणून भारतात डिझेल प्रथम रमले ते शेतातील पंपांवर आणि मालमोटारींत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली पुण्यात झाली. १९५४ साली टाटांनी डाइम्लर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपुरास डिझेल मालमोटारी होऊ लागल्या.

या मालमोटारींनीच मोटार हाकणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा केला. दुपदरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने चाललेल्या मालमोटारीस ताशी ८० ने मागे टाकावयाचे, तर दोघांच्या वेगातील अंतर सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर. मालमोटारीची लांबी आणि मागेपुढे सोडावयाची जागा धरून साठ मीटर अधिक कापण्यास अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात समोरून ताशी ६० ने येणारे वाहनही धावतच असते. म्हणजे सव्वाचारशे मीटर रस्ता मोकळा हवा. तो नसताना केलेले धाडस प्राणांशी खेळ ठरते.

अशा वेळी कोणते इंजिन अधिक भरवशाचे? पिंपरीच्या कारखान्यातून १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाचे पहिले डिझेल इंजिन टर्बोविना होते. त्याचे आकर्षण स्वस्त इंधनात होते, चपळाईत नव्हे. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबणारा पंखा, आणि संगणकाच्या हुकमाने तेल फवारणारी कॉमन रेल पद्धती आली, तेव्हा हे चित्र पालटले. मारुती स्विफ्ट ही एकच गाडी दोन्ही इंजिनांसह मिळू लागली. २००५ च्या पेट्रोल स्विफ्टची शक्ती ८७ अश्वशक्ती. २००७ च्या डिझेल स्विफ्टची ७५. परंतु टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, डिझेलचा १९० न्यूटन-मीटर आणि तोही मिनिटाला अवघ्या २००० फेऱ्यांना. पेट्रोलचा ११३, तो ४५०० फेऱ्यांना. म्हणून २००० फेऱ्यांवर डिझेल सुमारे ५४ अश्वशक्ती देई, तर पेट्रोल ३२ हून अधिक देऊच शकत नसे. मात्र गिअर खाली घेऊन फेरे ४५०० वर नेले की पेट्रोलही ७२ पर्यंत पोहोचे. सारांश, डिझेलवाला गिअर न बदलता पुढे जाई. पेट्रोलवाल्यास आधी गिअर बदलावा लागे. कोणते इंजिन श्रेष्ठ, यापेक्षा हाकणाऱ्यास आपल्या इंजिनाची रीत ठाऊक आहे की नाही, हेच महत्त्वाचे होते.

पुढे प्रश्नच बदलला. १९९८ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पाने प्रमुख रस्ते दुभंगून चौपदरी केले. समोरून येणाऱ्या वाहनाची धास्ती तेथे ओसरली. २७ मे २०१८ रोजी मयूर विहाराजवळून दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांस आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांस मज्जाव कायम केला. २०२५ साली त्याच न्यायालयाने ही सक्ती काहीशी सैल केली. परंतु २०२० पासून भारत स्टेज सहाचे कठोर निकष लागू होताच मारुतीने डिझेल मोटारी बनविणेच सोडले होते.

ज्या काळात डिझेलने रस्त्यावर चपळाई मिळविली, त्याच काळात नगराच्या हवेने त्यास दोषी ठरविले. पुढच्यास मागे टाकण्याचे सामर्थ्य मोजताना मागे राहणाऱ्याच्या श्वासाचाही हिशेब ठेवावा लागतो, एवढेच या इतिहासाचे सांगणे आहे.