एका बीतली भावंडे

वरुड-मोर्शीकडच्या शाळांत शिकवणाऱ्यांनी एक सोपा प्रयोग जरूर करून पाहावा. पिकलेल्या जंबेरीच्या ताज्या बिया घ्या, वरचे टरफल सोला आणि ओल्या कापडात ठेवा. काही दिवसांनी एकाच बीतून दोन-दोन, तीन-तीन कोंब आलेले मुलांना दिसतील.

संत्र्याच्या बीत असे दोन गर्भ असतात हे लेवेनहुक यांनी १७१९ मध्ये नोंदवले होते. त्याचा उलगडा स्ट्रासबुर्गर यांनी केला तो १८७८ मध्ये. यातला एखादाच गर्भ परागकणामुळे, म्हणजे आई-बाप दोघांपासून झालेला असतो. बाकीचे आईच्याच बीजांडातल्या पेशींपासून वाढतात. ते आईच्या हुबेहूब नकला.

रोपवाटिकेला नकलाच हव्या असतात. शेंदुरजनाघाटच्या पन्हेरीत जंबेरीची रोपे एकसारखी दिसतात ती यामुळेच. याच खुंटांवर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. वेगळे, खुरटे रोप दिसले की उपटून टाकतात, आणि कलमांसाठी तेच बरोबर आहे. पण जंबेरी डिंक्या रोगाला बळी पडते. फायटोफ्थोरा मुळे कुजवतो आणि उभी बाग सुकते. या रोगाला तोंड देणारा नवा खुंट घडवायचा तर संकरातून झालेले रोपच हवे. ते नकलांच्या गर्दीत दडलेले असते. कधी कधी उपटून टाकलेल्यांतच!

ते ओळखायचे कसे? फ्लोरिडातल्या बागा १८९४-९५ च्या थंडीने मेल्या. त्यानंतर, १८९७ मध्ये, स्विंगल आणि वेबर यांनी संत्र्याचा संकर थंडी सोसणाऱ्या त्रिपर्णी संत्र्याशी केला. तीन पर्णिकांचा गुण प्रभावी असल्याने आई साध्या पानाची असूनही ज्या रोपाला तीन पर्णिका आल्या ते नक्कीच संकराचे. पान हीच खूण. आमच्या मते लिंबूवर्गातली ही सर्वांत स्वस्त खूण आहे.

वऱ्हाडात मात्र ती पुरत नाही. त्रिपर्णी संत्र्याला चुनखडीची जमीन मानवत नाही. जंबेरीचा संकर रंगपूर लिंबाशी करावा, तर दोघांचीही पाने साधी. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले तेव्हा लिंबूवर्गाच्या पैदासकारांची भिस्त अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरच होती. पानातल्या विकरांचे प्रकार खूण म्हणून वापरता येतात हे टॉरेस आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. नागपूरचे लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. पुढे पाचच वर्षांत, १९९० मध्ये, डीएनएचे तुकडे वाढवून खुणा शोधायची रॅपीडी पद्धत आली. मग सूक्ष्म-उपग्रह खुणा आल्या: डीएनएची दोन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्या फेऱ्यांची संख्या वाणागणिक वेगळी असते. आईकडे नसलेला, पण बापाकडे असलेला पट्टा रोपात दिसला की ते संकराचे. त्यासाठी कोवळ्या पानाचा तुकडा पुरतो.

२०१७ मध्ये चिनी संशोधकांनी आणखी खोल मजल मारली. अनेक गर्भ धरणाऱ्या जातींत एका विशिष्ट जनुकाच्या शेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा घुसलेला त्यांना आढळला. हीच खूण मानली, तर एकगर्भी बी देणारे रोप फळे येण्याआधीच निवडता येते. आई म्हणून असे झाड घेतले की नकलांची गर्दीच टळते.

रोप कोणाचे, एवढे पट्टा सांगतो. त्या खुंटावरचा संत्रा अमरावतीच्या काळ्या जमिनीत कसा फळतो, हे पाहायला अजूनही बागेतच काही वर्षे थांबावे लागते.