नकाशा होता, तरी गाव गाडले गेले

ज्वालामुखी म्हटला की उतारावरून वाहणारा तांबडालाल लाव्हा आपल्या डोळ्यांपुढे येतो. पाठ्यपुस्तकातले चित्रही बहुधा तेच असते. पण बहुतेक वेळा लाव्हा इतका संथ सरकतो की माणसाला त्याच्यापुढून पायी निघून जाता येते. उद्रेकातील मोठी प्राणहानी होते ती इतर कारणांनी. त्यांपैकी एका कारणाचा इतिहास आपण येथे पाहू.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, अँडीज पर्वतरांगेत, नेवादो देल रुईस हा ५,३२१ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. विषुववृत्त जवळ असूनही उंचीमुळे त्याच्या माथ्यावर बारमाही बर्फ असते. येथे महासागराच्या तळाचा भूपट्ट खंडाखाली सरकतो आणि आपल्याबरोबर पाणीही खाली नेतो. या पाण्यामुळे प्रावरणातील खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. शिलारस वर येऊ लागला की त्यावरील दाब कमी होतो आणि त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात. सोडावॉटरची बाटली उघडताना हेच घडते. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्ह्याचा बनला, तो पातळ होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो दूरवर पसरत गेला. रुईसचा शिलारस त्याहून दाट आहे. त्यात वायू कोंडतात आणि शेवटी स्फोट होतो.

तापलेली राख आणि दगडगोटे माथ्यावरील बर्फावर पडले की बर्फ वितळते. पाणी, राख, माती, दगड यांचा ओल्या काँक्रीटसारखा लोंढा नदीच्या पात्रातून खाली धावतो. त्यासाठी जावा बेटावरचा 'लहार' हा शब्द जगभर रूढ झाला आहे.

रुईसचे लहार नवे नव्हते. १५९५ मध्ये एक येऊन गेला होता. १८४५ च्या लहारात सुमारे १,००० माणसे गेली. त्याची हकीकत होआकिन अकोस्ता या कोलंबियन अभ्यासकाने लिहून ठेवली. पुढे त्याच गाळाच्या सुपीक मैदानावर आर्मेरो गाव वसले आणि भरभराटले. जमीन उत्तम होती. ती तेथे कशी आली, हे मात्र लोक विसरले.

नोव्हेंबर १९८४ पासून रुईसच्या परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. शास्त्रज्ञांनी जुने थर आणि जुन्या नोंदी तपासून धोक्याचा नकाशा तयार केला आणि ७ ऑक्टोबर १९८५ रोजी सादर केला. लहारांच्या वाटेवर आर्मेरो स्पष्ट दाखवलेले होते. पण गाव हलवण्याचा खर्च मोठा, आणि उद्रेक झालाच नाही तर दोष कोणी घ्यायचा? निर्णय लांबत गेला. १३ नोव्हेंबरला दुपारनंतर गावावर राख पडली, तेव्हा लोकांना शांत राहण्यास सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास उद्रेक झाला. तसा तो लहानच होता. बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून अडीच तासांनी लहार आर्मेरोत शिरला. गावाची वस्ती सुमारे २९,००० होती. त्यांपैकी २०,००० हून अधिक माणसे चिखलात गेली. उंच जागा जवळच होत्या. अडीच तासांचा अवधीही होता.

या घटनेनंतर मॉरिस व कातिया क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखी-अभ्यासक दांपत्याने उद्रेकांच्या धोक्यांवर चित्रफीत तयार करण्याचे काम हाती घेतले. एप्रिल १९९१ मध्ये फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखी सुमारे ५०० वर्षांनी जागा झाला. तेव्हा या चित्रफितीची कच्ची प्रत तेथील अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवण्यात आली. लहार म्हणजे काय, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. स्वतः क्राफ्ट दांपत्य ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेनच्या उद्रेकात मृत्युमुखी पडले. १५ जूनला पिनातुबोचा महाउद्रेक झाला. तो रुईसच्या उद्रेकापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता. पण तोवर हजारो कुटुंबे दूर हलवली गेली होती. त्याच दिवशी वादळी पाऊस आल्याने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळली आणि सुमारे ३०० माणसे दगावली. पुढे छावण्यांतील रोगराईने आणखी शेकडो गेली. तरीही आर्मेरोशी तुलना केली की फरक ध्यानात येतो.

दोन्ही ठिकाणी शास्त्रज्ञांना धोका कळला होता. पिनातुबोला तो लोकांनाही वेळेत कळला. आपण वर्गात ज्वालामुखी शिकवतो तेव्हा शंकूची आकृती फळ्यावर काढतोच. तिच्या पायथ्याशी एक नदी आणि एक गाव काढावे, आणि अंतर व वेळ देऊन लहाराचा ताशी वेग विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. मग विचारावे: गावकऱ्यांनी कोणत्या दिशेला जायचे, आणि हे त्यांना कोणी, केव्हा सांगायचे? उत्तराचा पहिला भाग भूगोलाचा आहे. आर्मेरोत चुकला तो दुसरा.